खिडकीसमोरचा अर्धा एकर

ला क्रॉस, विस्कॉन्सिन
२ ऑगस्ट

चि. थोरा हीस,

अ. उ. आ. पोटभर आशीर्वाद, कारण पडल्या पडल्या द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नाही.

फोन करू नकोस. चाळीस वर्षं ट्रॅक्टरशेजारी काढल्यामुळे मला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुला फोनवर थांबता येत नाही. दोघांच्या सोयीचं पत्रच.

तू मिलवॉकीच्या ग्रंथालयातून चार महिन्यांची रजा काढून माझं घर सांभाळायला आलीस, हे वाईट नाही केलंस. बाबांची याहून मोठी शाबासकी आपण दोघांनी कधी ऐकलेली नाही, तेव्हा कमी समजू नकोस. मी कसा पडलो ते गावभर सांगत फिरू नकोस. मचाणाची सहावी पायरी हलते हे मला पाच वर्षं माहीत होतं. पडताना पुन्हा आठवलं, एवढंच.

मांडीचं हाड आणि खुबा जोडलाय. डॉक्टर म्हणतात, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पलंगापासून दारापर्यंत वॉकर धरून स्वतःच्या पायांनी गेलो, तर घरी सोडतील. नाही गेलो तर म्हाताऱ्यांच्या निवासात खोली घ्यायची आणि घर विकायला काढायचं. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, थोरा. त्या निवासात रोज चार वाजता बिंगो खेळतात.

आता महत्त्वाचं. दर साली मी मचाणासमोर अर्धा एकर हरणांसाठी पेरतो. यंदा ते तुझ्याकडे. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडेल त्या शनिवारी शेत हिरवंगार हवं. माणसाला उठायला काहीतरी कारण लागतं, आणि बिंगो हे कारण नव्हे.

बी तीन जातींचं घे: राय, म्हणजे गव्हासारखं दिसणारं ते धान्य, पन्नास पौंड, सलगम दोन, आणि क्लोव्हर, तो तीनपानी चारा, चार. पिशवीवर भल्यामोठ्या शिंगांच्या नराचं चित्र असेल तर ती पिशवी खाली ठेव. ते चित्र हरणांसाठी नसतं, गिऱ्हाइकासाठी असतं. मागचं बारीक छापलेलं वाच: उगवण किती टक्के, तपासणी कोणत्या साली, भरताड गवत किती. राय फोकून वरवर मातीआड कर. सलगम आणि क्लोव्हरचं बी मोहरीपेक्षाही बारीक, ते पुरायचं नाही, नुसतं दाबायचं. पुरलंस तर श्राद्धच घाल त्याचं. आणि पावसाचा अंदाज बघून पेर. शेजारच्या डेल्मरकडे ट्रॅक्टर आहे. तो बोलत नाही, पण येतो.

लोभ असावा, सलगम वाढावं.

तुझा
अर्विद


हाउगेन रिज
१७ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच समज; काल दिवसभर मी शेतात जवळजवळ त्याच अवस्थेत होते.

बियाण्याच्या दुकानातल्या पोराने मला बघितलं आणि थेट शिंगांची पिशवीच पुढे केली. मलपृष्ठ वाचणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. उलटी करून वाचली तर निम्मं गवत, आणि तपासणी दोन वर्षांपूर्वीची. मी त्याला म्हटलं, बाळा, हे चित्र छान आहे, भिंतीवर लाव. मग त्याने मागच्या खोलीतून विनाचित्राच्या तीन गोण्या आणल्या आणि दार उघडून धरलं. आदराने की मी लवकर जावं म्हणून, कळलं नाही.

आता एक सांगायचंय. रागावशील, पण तुझ्या हाताशी फेकण्यासारखं काही ठेवू नका असं मी इस्पितळातल्या बाईंना कळवलंय. मचाणासमोर मी पेरलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, आईच्या जुन्या बटाट्यांच्या जागेत पेरलं. यंदा तू मचाणावर चढणार नाहीस, दादा. हे डॉक्टर तुला गोड शब्दांत सांगतील, म्हणून मी आधी सांगून टाकते. घरी आलास तर खिडकीशी बसशील. मग हरणांनी खिडकीसमोर यायला नको का?

राय आणि सलगम नीट झालं. डेल्मरने माती भुसभुशीत करून दिली, नंतर लोखंडी जाळी ओढली, शेवटी रोलर फिरवला. एवढ्या वेळात एकूण चार शब्द बोलला, त्यातले दोन ट्रॅक्टरशी. क्लोव्हरचं मात्र असं झालं. ती छातीशी बांधायची, दांडा फिरवून बी उडवायची तुझी पिशवी मी रायच्या वेळी लावली होती. राय जाड म्हणून तिचं भोक पुरतं उघडलं, आणि क्लोव्हर भरताना ते बारीक करायचं राहिलं. पंपाजवळच्या कोपऱ्यातून निघाले, ऐटीत दहा पावलं टाकली, आणि बघते तर पिशवी रिकामी. चार पौंड क्लोव्हर, दहा पावलांत. डेल्मर ट्रॅक्टरवरून बघत होता. त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

आज पहाटेपासून बारीक पाऊस लागलाय. तेवढं तरी माझ्या हातून बरोबर झालं.

रागाला जागा करून उरेल तेवढा लोभ ठेव.

तुझी
थोरा

ता. क. नव्या सपाता पाठवल्यात. घसरत नाहीत.


ला क्रॉस
२५ ऑगस्ट

चि. थोरा हीस,

आशीर्वाद या खेपेला सालाबादचेच, जास्तीचे नाहीत.

बटाट्यांची जागा! तिथून मचाण दिसतसुद्धा नाही. आणि दहा पावलांत चार पौंड! अगं, त्यात अर्धा एकर निघतो आणि वर मूठभर उरतं. एवढ्या दाटीत रोपं एकमेकांच्या डोक्यावर उभी राहतील, ला क्रॉसच्या बसमधल्यासारखी. तो कोपरा गेला म्हणून समज.

माझी काळजी करू नकोस. व्यायाम करवून घेणारी मार्वेला नावाची बाई आहे, तिचा आवाज कापणीयंत्रासारखा. रोज दोनदा कॉरिडॉरच्या टोकाशी असलेल्या मत्स्यपेटीपर्यंत जाऊन येतो. मासे मला ओळखू लागलेत. सपाता उत्तम.

उगवण कशी आहे ते कळव. लोभ आहेच, त्याचंही भोक तू पुरतं उघडलेलं दिसतंय.

अर्विद


हाउगेन रिज
१ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज नमस्कार ताठ उभ्याने, कारण बातमी तशीच आहे.

शेत बघशील तर सपाताच काय, पायही विसरशील. राय घोट्यापर्यंत आली. सलगमची पानं माझ्या हाताएवढी. पंपाजवळचा कोपरा गालिच्यासारखा झालाय, इतका दाट की मांजर त्यावर झोपतं. आणि हरणं! रोज संध्याकाळी सात. मी भांडी घासत मोजते. कुरणातून येतात, थेट सलगममध्ये शिरतात आणि पानं अशी मिटक्या मारत खातात की मलाही भूक लागते. त्यांत एक शिंगवाला आहे, भारदस्त, आपल्या जुन्या पाद्रीबुवांसारखा चालतो. ती सगळी वाट कुणाची बघतायत, ते मी सांगायला नको.

मासे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार.

लोभाची पेरणी चालू ठेव.

थोरा


(पोस्टकार्ड)

६ ऑक्टोबर

अर्विद,

थोराने तुला काही कळवू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे काही कळवत नाही. हरीण एकही नाही. यंदा ओकची फळं उदंड पडलीत, सगळी हरणं माझ्या रानात बसून तीच खातायत. उगवण वाईट नाही. तुझी बहीणही वाईट नाही.

डेल्मर


ला क्रॉस
१२ ऑक्टोबर

चि. थोरा,

आशीर्वाद. सात हरणांइतके.

डेल्मरचं कार्ड आलं, पण त्याची गरज नव्हती. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं. मी तीस वर्षं सलगम पेरतोय. कडाक्याची थंडी पडून पान एकदा गोठल्याशिवाय आमच्याकडच्या एकाही हरणाने त्याला तोंड लावलेलं मी पाहिलेलं नाही. तोवर ते कडू लागतं. थंडी बसली की त्यात साखर उतरते, मग भांडाभांडी करून खातात. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मिटक्या मारणारी सात हरणं एकतर मिलवॉकीहून आलेली असणार, नाहीतर पत्रातून.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, की जिला राय आणि गहू यांतला फरक ठाऊक नव्हता, ती बाई संध्याकाळी भांडी घासताना रिकाम्या शेताकडे बघत माझ्यासाठी हरणं मोजत होती. एकेकाला शिंगं लावत होती. त्यानंतर चिडणं जमेना.

म्हणून आता माझंही ऐक. मी मत्स्यपेटीपर्यंत गेलेलो नाही. पलंगाच्या कडेलासुद्धा नाही. पाय खाली सोडला की सहावी पायरी हलते, थोरा, आणि मी पुन्हा पडतो. मार्वेला येते, मी भिंतीकडे तोंड करतो, ती जाते. असे नऊ आठवडे गेले. पाच उरलेत. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी ती आली तेव्हा मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. पाद्रीबुवांसारखा शिंगवाला ऐकून ती इतकी हसली की मीही हसलो, आणि हसता हसता तिने माझे दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. मी उभा राहिलो. तिने अकरा आकडे मोजेपर्यंत. हे मात्र खरं आहे, हवं तर तिला विचार.

लोभ असू दे, हिशोब फिटलाय.

अर्विद


हाउगेन रिज
२७ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. या नमस्कारात माफी मिसळलीय, भेसळ म्हणून परत पाठवू नकोस.

मला ठाऊक होतं. तुझं माशांचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तिथल्या कचेरीत फोन करून विचारलं. मत्स्यपेटी दुसऱ्या मजल्यावर आहे, दादा. तू तळमजल्यावर. शिवाय सप्टेंबरात डेल्मर तुला भेटून आला. कसा आहे विचारलं तर म्हणाला, वाईट नाही, आणि कॉफी संपवून जाताना दारात म्हणाला, की सपातांच्या तळाला किमतीची चिठ्ठी अजून कोरी करकरीत आहे. तो एवढं लांब वाक्य बोलला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला कळलं. तू न चालता चालत होतास, म्हणून मीही न आलेली हरणं आणली. आपण दोघं एकाच आईची मुलं.

पण खरं सांगू? रात्री झोप लागत नव्हती. तू आला नाहीस तर या घराचं काय करायचं, हे विचारायला मला कुणी नव्हतं. डेल्मर होता, पण तो म्हणाला असता, वाईट नाही.

आता खरी बातमी. तीन रात्री सलग कडाका पडला. सकाळी सलगमची पानं काचेसारखी. काल संध्याकाळी भांडी घासताना मी सवयीने वर बघितलं. एक मादी होती. एकच. पान तोडलं, चावलं, मान वर करून खिडकीकडे बघितलं. माझ्या हातातली बशी सिंकमध्ये पडली आणि फुटली. आईची निळी. ती पळाली नाही, खात राहिली. दादा, मी सात लिहिली होती तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. एक आली आणि मी ओल्या हातांनीच डोळे पुसत उभी.

मार्वेला म्हणते तू तीन पावलं टाकलीस. पलंगापासून दार सात आहे. मी विचारून घेतलं.

लोभ कर, आणि चार पावलं कर.

थोरा


हाउगेन रिज
रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय थोरा,

आज आशीर्वाद नाहीत. आज मीच खाली वाकलोय, असं धर.

पंधरा तारखेला घरी आलो तेव्हा वॉकर धरून दारातून आत शिरताना तू मागे होतीस, म्हणून तुला माझं तोंड दिसलं नाही. बरंच झालं. तू गेल्यावर घर फार मोठं झालंय. निळ्या बशीचे तुकडे तू खणात जपून ठेवलेस ते सापडले. टाकले नाहीत.

काल मोसम उघडला. उजाडायच्या आधी कॉफी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, टेबलापलीकडच्या खुर्चीत बसलो. बंदूक खुंटीवर. खिडकीतून गोळी झाडायला मी काही शहरातून आलेलो नाही. रात्री बोटभर बर्फ पडलं होतं. डेल्मरच्या रानाकडून दोन-चार बार ऐकू आले. म्हणजे जवळचेच असणार. नाहीतर मला कुठलं ऐकू यायला!

साडेसातला दोघं आली. एक मादी, तिच्यामागे यंदाचं पिल्लू. मी म्हटलं आता सलगमकडे जातील. नाही गेली. सरळ पंपाजवळच्या कोपऱ्यात. मादीने खुराने बर्फ उकरलं आणि आत तोंड घातलं. खुर्चीतून तिचं ढुंगण तेवढं दिसत होतं, पंप आड येत होता. काय खाते ते दिसेना. मी मान लांब केली, तरी दिसेना. मग दिसलं. क्लोव्हर. तुझं दहा पावलांतलं चार पौंड क्लोव्हर, बर्फाखाली हिरवंगार, मायलेकरं कान हलवत खात होती. मी जो कोपरा गेला म्हटलं होतं, तोच.

बराच वेळ बघत राहिलो. सिंकची कड गार लागली तेव्हा भानावर आलो. माझे दोन्ही हात सिंकवर होते. मी उभा होतो. वळून बघितलं तर वॉकर तिकडे खुर्चीशेजारी, कुणी बसा न म्हटलेल्या पाहुण्यासारखा अवघडून उभा.

खुर्चीपासून सिंक सहा पावलं आहे. जाताना सहा लागली. ते कळल्यावर परत येताना टेबल धरधरून एकोणीस.

बाबा असते तर म्हणाले असते, वाईट नाही. मी अठ्ठावन्न वर्षं तेच म्हणत आलो. पण ते या गोष्टीला पुरत नाही. म्हणून एकदाच, आणि लेखी, म्हणजे तुला कुणाला दाखवता येईल: थोरा, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग, आभाराचा सण आहेच. टर्की डेल्मर आणतोय. सलगम आपलंच, त्यानेच हरणांना विचारून दोन उपटलीत. पहिल्या बसने ये.

लोभ किती आहे ते मोजायला बसलो तर पुन्हा उठावं लागेल, आणि आज मला तेही चालेल.

तुझा
दादा

ता. क. पुढच्या साली क्लोव्हर तूच पेर. भोक बारीक करू नकोस.