दोन हॉर्सपॉवरचा हट्ट

२ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इकडे आम्ही बापलेक ठीक आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो आणि एकमेकांशी कामापुरतं बोलतो. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी चुकीचं ऐकतो, तेव्हा पत्रच बरं. तुझ्या नर्सिंगच्या शाळेतल्या मुली आता रुग्णाला न दुखवता कुशीवर वळवतात हे वाचून आनंद झाला. इथेही एकाला कुणीतरी वळवायला हवं आहे, पण तो रुग्ण नाही, तुझा नवरा आहे.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की सहा महिन्यांसाठी दिलेली जागा शाळा आता कायमची देते आहे, महिनाअखेर उत्तर हवं आहे, तर "बाबा, हो म्हणू का?" याचं उत्तर देतो. पण आधी पंपाचं ऐक. सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही मावत नाही.

तू गेल्यावर लॉनला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. थोडे दिवस घातलंही. मग उजवा खांदा असा धरला की केस विंचरायला डावा हात लागायला लागला. आपले चिरंजीव उजाडायच्या आत कामाला जातात आणि दिवे लागल्यावर येतात. खुंटीवरच्या रबरी पाइपला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. एके दिवशी लॉनवरून चालताना पायाखाली कुरकुर वाजलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "पंप बसवू. फवारे बसवू. बटण दाबलं की काम झालं."

कल्पना वाईट नव्हती. म्हणून मी दुकानात बरोबर गेलो, हे माझं चुकलं. दुकानदार भला माणूस. त्याने विचारलं, टाकी केवढी आहे, पाइप किती जाडीचा, फवारे किती, पाणी किती लांब न्यायचंय. आपले लिफ्टमहाराज म्हणाले, "ते सोडा. तुमच्याकडचा सगळ्यात दमदार दाखवा." मी जन्मभर कवळ्या बनवल्या. तोंडाचं माप न घेता "सगळ्यात दमदार कवळी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नाही, ते शेवटी माझ्याच घरात निघालं. मी म्हटलं, "अरे, माप तरी घेऊ." तर म्हणाला, "बाबा, मी रोज मोटारी विकतो." लिफ्ट विकतो म्हणजे मोटारी विकतो! पालथ्या घड्यावर पाणी. दोन हॉर्सपॉवरचा पंप घेऊन आम्ही घरी आलो. तो मांडीवर धरून मीच बसलो होतो, खांदा दुखत असताना.

मग प्लंबर. त्याचं नाव मी 'उद्या' ठेवलं आहे, कारण फोनवर तो एवढंच बोलतो. एकदाचा आला, फाटकाजवळच्या जमिनीखालच्या टाकीत पाइप सोडला, लॉनभर आठ फवारे रोवले आणि "चालू करून बघा" म्हणत सायकलवर बसून निघूनही गेला.

रविवारी सकाळी उद्घाटन. मी अर्धी दाढी करून बाहेर आलो. चिरंजीवांनी बटण दाबलं. पंप किंचाळायला लागला, पाण्याचा पत्ता नाही. पहिल्यांदा चालवताना पंपात वरून पाणी भरावं लागतं, नाहीतर तो नुसती हवा ओढत बसतो. हे माहितीच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं आणि तो कागद खोक्यात होता. पाणी भरलं, पुन्हा बटण दाबलं. या वेळी असा जोर आला की फवाऱ्यांतून थेंबांऐवजी वाफेसारखं धुकं निघालं, गवतावर काहीच पडेना, आणि कोपऱ्यावरचा जोड ताडकन निसटून पाण्याची धार भिंतीवरून शेजारी गेली. शेजारच्या वकीलबाईंचा काळा कोट दोरीवर वाळत होता. त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काका, मला उद्या कोर्टात उभं राहायचंय, पोहायचं नाही."

तोवर टाकी रिकामी झाली होती. माझी अर्धी दाढी साबणातच राहिली. चिरंजीव म्हणाले, "पाइप हलका निघाला." नाचता येईना, अंगण वाकडं.

कागद संपत आला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात. त्यानेही तुला काही लिहायला सांगितलं आहे मला, तेही पुढच्या पत्रात.

तुझे,
बाबा


१३ मार्च

चि. मास्तरीणबाई,

आशीर्वाद आहेतच. आज मी रागात लिहितो आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

पंप जळला.

पाइप हलका म्हणून जाड पाइप आणला. जोड हलका म्हणून लोखंडी पट्ट्या आवळल्या. पाणी काही टाकीत जास्त आलं नाही, कारण ते नळाला जेवढं येतं तेवढंच येतं, त्यावर चिरंजीवांची सत्ता चालत नाही. परवा त्यांनी बटण दाबलं आणि फोन आला म्हणून आत गेले. टाकी आटली, पंप कोरडाच फिरत राहिला. मला तर आधीच ऐकू येत नाही. वास आला तेव्हा मी पळालो. आता दुकानदाराने दुरुस्तीला नेला आहे, आणि चिरंजीव काय म्हणतात? "तीन हॉर्सपॉवरचा बघू."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अरे, लॉनला पाणी घालायचंय की आग विझवायचीय?" ताट तसंच टाकून उठला. आता आमचं कामापुरतं बोलणंही बंद आहे. भात करपला तरी कुणी कुणाला सांगत नाही, दोघेही करपलेला खातो.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होतो की हा मुलगा इतका अडाणी कधीपासून झाला. तो अडाणी नाही, हे तुलाही माहीत आहे. मग आठवलं. तू निघालीस त्या सकाळी टॅक्सी फाटकात उभी होती, तू लॉनला पाणी घालून पाइप गुंडाळत होतीस आणि तो पायरीवरून म्हणाला, "जा ना. एक पंप बसवला की झालं. तुझ्यावाचून काय अडतंय इथे?" तू पाइप खुंटीला लावलास, हात पुसलेस आणि गेलीस. मी खिडकीत होतो. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. नेमकं तेवढं गेलं.

एवढं मोठं बोलून बसला आहे, म्हणून पंपही तेवढाच मोठा हवा आहे त्याला. आणि पंप ऐकत नाही. मुलगा माझा आहे, त्यामुळे मला त्याची कीव येते. पण राग जास्त येतो.

गवताचं विचारू नकोस. तुझा प्रश्न लक्षात आहे, तोही पुन्हा विचारू नकोस. मला थोडा वेळ दे.

बाबा


२६ मार्च

प्रिय मास्तरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

महिना संपत आला, आता टाळाटाळ पुरे. क्रमाने सांगतो, कारण उत्तर पंपातूनच निघालं आहे.

मागच्या पत्रानंतर मी ठरवलं की हे काम कवळीसारखं करायचं. चिरंजीव झोपलेले असताना टाकीत पडणाऱ्या नळाखाली बादली धरली आणि घड्याळ पाहिलं. पाणी माझ्या चालीने, रमतगमत येतं असं निघालं. मग ते फवाऱ्याचं खोकं शोधलं. एका फवाऱ्याला पाणी किती लागतं ते त्यावरच छापलेलं होतं, आणि खोकं एवढे दिवस आमच्या पायांत घुटमळत होतं. गुणाकार केला. आठही फवारे एकदम चालवले तर आपली टाकी पुरत नाही. चार-चार करून, मधे टाकी भरू देत चालवले तर पुरते, आणि मग पंप लागतो अवघा अर्ध्या हॉर्सपॉवरचा. दुकानदाराला हिशेब दाखवला तर तो हसला, म्हणाला, "काका, हेच मी त्या दिवशी विचारत होतो." दुरुस्त केलेला मोठा पंप त्याने ठेवून घेतला आणि हा छोटा दिला. हा मांडीवर धरायलाही हलका आहे.

'उद्या' महाशय या वेळी चक्क आज आले. मधे पाणी वळवायची एक चावी बसवली, आधी फाटकाकडचे चार फवारे, मग भिंतीकडचे चार. टाकीत एक तरंगता गोळा सोडला, पाणी खाली गेलं की पंप आपला आपण बंद होतो. मी त्याला सगळं होईपर्यंत हलू दिलं नाही, सायकलची किल्ली माझ्या खिशात होती.

आणि मास्तरीणबाई, पाणी पडलं. चांगले टपोरे थेंब, गवतावर, गवताच्या मुळाशी. वकीलबाईंनी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या.

आता ऐक. पंप चालला त्या सकाळी घरात मी एकटा होतो. मी बटण बंद केलं आणि पायरीवर बसलो. चिरंजीवांनी मला तुला काय लिहायला सांगितलं होतं ते अजून सांगितलं नाही मी. तो म्हणाला होता, "बाबा, तुम्ही लिहा. लॉन मरतंय म्हणावं. माझं नाही, पण तुमचं ऐकेल ती." आणि ते खरंच मरत होतं. भिंतीकडचं सगळं पिवळं पडलं होतं, फाटकाकडे तर माती दिसत होती. तुला मी ओळखतो. तू लावलेलं काही मरतंय म्हटल्यावर तू पहिल्या गाडीने आली असतीस.

मी बसून विचार करत होतो की आणखी दोन आठवडे बटण बंद ठेवायचं. कुणाला कळणार होतं? मला तू इथे हवी आहेस. तुझ्या सासूबाई गेल्यावर या घरात हसण्याचा आवाज तुझ्यामुळेच राहिला, तो आता नाही. चार वाजता दोन कप चहा करायची सवय अजून गेली नाही, दुसरा कप मी ओतून देतो. दोन पत्रं तुझ्या प्रश्नाला बगल देत राहिलो ती याचसाठी. "हो म्हण" असं लिहायला हात धजत नव्हता.

बराच वेळ बसलो. मग उठलो आणि बटण दाबलं.

त्या दिवसापासून रोज पाणी देतो आहे. मातीतून हिरवं डोकावतंय. भिंतीकडचं अर्धं परत आलं, उरलेलंही येईल.

काल संध्याकाळी चिरंजीव लवकर आले. फवारे चालू होते. पँट भिजली तरी बघत उभे राहिले. मग म्हणाले, "लिहिलंत?"
"लिहितोय."
"लॉनचं?"
"लॉनचंच. हिरवं आहे म्हणून लिहितोय."
मी ठरवलं होतं की आज मूग गिळून बसायचं नाही. म्हटलं, "तिला गवतासाठी कशाला बोलावतोस? तुला ती हवी असेल तर तसं सांग. नाहीतर तू जा तिकडे. माणसं तिथेही जिने चढून दमतात, लिफ्ट तिथेही विकता येते."
"आणि इथे कोण? घर? तुमचा खांदा?"
मी भरलेली बादली उजव्या हाताने उचलली आणि त्याच्या पायाशी ठेवली. म्हटलं, "खांदा बरा आहे. पंप मी लावतो. आता सांग, तुझं काय अडलंय इथे?"

त्याला स्वतःचंच वाक्य आठवलं असावं. कान लाल झाले. आत जाईल असं वाटलं. पण बाकाजवळचा तो एक कोपरा आहे ना, तिथवर फवारा पोचत नाही. त्याने तो पाहिला, भिंतीकडे गेला आणि खुंटीवरून तुझा पाइप काढला. नळ सोडला. बराच वेळ खटपट करत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, ती अंगठा कसा धरायची? माझी नुसती धारच पडते."

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तिला विचार."

तर तो विचारेल, आज ना उद्या. फोन करेल किंवा स्वतः येऊन उभा राहील. आला तर त्याला बसव, त्याचं ऐक, पुढचं तुमचं तुम्ही बघा. पण तो येण्याची वाट बघत तुझं उत्तर अडवून ठेवू नकोस. शाळेला हो म्हण. ते काम तुझं आहे, ते तुला येतं आणि ते तुला आवडतं. इथे यावंसं वाटलं तर जरूर ये, चार वाजता ये, चहा असेल. गवतासाठी येऊ नकोस. माझ्यासाठीसुद्धा नको.

होकार पाठवलास की मला दोन ओळी टाक.

तुझ्यावाचून अडतं, पण चालवून घेणारे,
तुझे
बाबा

ता. क. — त्या बादलीनंतर हात वर होत नाही, हे पत्र मधे मधे थांबत लिहिलं आहे. चिरंजीवांना कळू देऊ नकोस. त्याला इथे थांबायला तेवढं एकच निमित्त उरलं आहे.