फियाटला हेडर बसवला तेव्हापासून

बाबा, तुमच्या फियाटचा आवाज गेला. इंजिन तेच आहे, पानेही तुमचेच वापरले, पण इंजिनचा धूर बाहेर नेणारा बिडाचा जुना मॅनिफोल्ड काढून तिथे लांब नळ्यांचा नवा हेडर बसवावा लागला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी आईच्या लेखी तुम्ही अजून नागावला कुणाची तरी गाडी दुरुस्त करायला गेलेले असता. तिचं विसरणं वाढत गेलं आणि तुमची गाडी अंगणात आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती ताटाला हात लावेना. म्हणून रोज संध्याकाळी मी गाडी सुरू करायची आणि बंद करण्याआधी तुमच्यासारखाच एकदा ॲक्सिलरेटर दाबायची. आई लगेच म्हणायची, "आले. वाढ आता." मग जेवता जेवता ती तुम्हाला विसरून जायची.

"उभ्या उभ्या घुरघुरवू नकोस, धुराच्या वाटेत पाणी धरतं, लांब फिरवून आण," असं तुम्ही मला किती वेळा दटावलंत. पण आईला एकटी टाकून किहीमपर्यंत तरी कशी जाणार? खाऱ्या वाऱ्याने बाहेरून आणि त्या पाण्याने आतून लोखंड खाल्लं. मॅनिफोल्डला चीर गेली, वेल्डिंग धरेना. पनवेलच्या दुकानात गाडी गरजवणाऱ्या शौकिनांसाठीचा हा हेडर तेवढा मिळाला. अडकलेले बोल्ट तुमच्या पद्धतीने तापवून, मेण लावून सोडवले. नवं गॅसकेट घातलं, धूर कुठेही गळत नाही. काम तुम्हाला आवडलं असतं, पण मेलं त्याचं कौतुक काय करायचं?

चावी फिरवली तशी गाडी डरकाळी फोडून उठली. आईने ताट सरकवलं. "कुनाची गाडी ही? त्यांची न्हाय. ते येऊंदेत, मंग बघू." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पोटात नुसतं घोटभर दूध. शेवटी मला राहवेना, मी खरं ते सांगून टाकलं की बाबा गेले. ती आजच ऐकल्यासारखी रडली. रडून शांत झाल्यावर मी ताट पुढे केलं, तर डोळे पुसून माझ्याकडे बघत म्हणाली, "घरात मयत झालीय नि तू चूल कशी पेटवलीस गो?"

चुकलंच माझं. मयताच्या घरी जेवण शेजारून येतं. मी तोच भात मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे नेला, त्यांनी तो पुढच्या दाराने आणला आणि आई जेवली. सकाळी सगळं विसरली होती.

तेव्हापासून तुम्ही रोज संध्याकाळी जाता, बाबा, आणि मग ती जेवते. दर वेळी ती पहिल्यांदाच विधवा होते, आणि ते बघणं मला झेपत नाही. हे पत्र धाडणार कुठे, तुमच्या पान्यांच्या पेटीत राहील. एक मात्र कबूल करते. भात आधी काकूंकडे ठेवून येते आणि मगच आईला तुमची बातमी देते.