सुमनचा रिकामा रविवार

१४ जाने. २०१६, पोरिरुआ, न्यूझीलंड
सहा महिन्यांसाठी बायकोसोबत मुलाकडे, मंदारकडे आलोय. सुमनने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मी नुसता सगळ्यांच्या पायात पायात. म्हणून मंदारने लायब्ररीतल्या चित्रकलेच्या क्लासला माझं नाव घातलं. शिकवणारी हेलन. "किया ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणाली आणि माझी पट्टी काढून घेतली! चाळीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, पट्टीशिवाय रेघ माहीत नाही.

२१ जाने.
आज जुन्या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं. देव नाहीत, राजे नाहीत. नावेत बसलेली माणसं, गवतावर जेवणारी, एक बाई छत्री घेऊन नुसती उभी. हेलन म्हणते, साधी सुट्टीची दुपारही चित्रात यायच्या लायकीची आहे, हे या लोकांनी दाखवलं. गृहपाठ: घरचं माणूस, आराम करताना.
घरी येऊन पाहिलं. सुमन आराम करतच नाही.

३१ जाने., रवि.
समुद्रावर. फिश अँड चिप्स. नात इरा टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून पाण्यात. सुमन वाळूत पाय रुतवून बसली. हातात विणकाम नाही, निवडायला मटार नाहीत. वीस मिनिटं! वाऱ्यावर पदर. भराभर रंग फासले.

४ फेब्रु.
हेलनला चित्र प्रदर्शनात हवंय. सुमन भडकली. "अहो, मी अशी रिकामी? लोक म्हणतील, सून राबतेय आणि सासू हवा खातेय."
सूनबाई नेहा म्हणाली, "आई, हवा खायलाच तर बोलावलंय तुम्हाला."
सुमनने आज भांडी नेहाला घासू दिली.

११ फेब्रु.
सुमन चित्र परत न्यायला क्लासवर आली. हेलनने तिच्यापुढे त्या इम्प्रेशनिस्टांचं पुस्तक ठेवलं. पानं उलटत गेली. "ह्या बायकांना कुणी काही म्हणत नव्हतं?" मी हेलनला विचारलं. तर म्हणे, लोक चित्रांनाच हसायचे, अर्धवट आहेत म्हणून. एका पानावर इस्त्री करता करता जांभई देणारी बाई. सुमन थांबली. मग हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईतो. "अहो, ही तर मीच!"
चित्र तिथेच ठेवून आलो.

२० फेब्रु.
प्रदर्शन. हॉल भरलेला. इरा ओरडली, "आजी, यू लुक सो चिल!" सुमन बराच वेळ चित्रासमोर उभी. कोणी काय म्हणालं, तिला ऐकूच गेलं नाही बहुतेक.
परतताना गाडीत म्हणाली, "पुढच्या रविवारी मी तुमचं काढते. अर्धा तास गप्प बसवेल का?"
हो म्हणालोय. बघू.