अक्षरांचा हातमोजा

आई, आज पुन्हा माझी बोटं आखडलीत. सून म्हणते डॉक्टरांकडे जाऊया. मी नको म्हटलं, आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

तुझ्या लग्नानंतर विषमज्वरात तुझे कान गेले. तू ओठांवरून बोलणं ओळखायचीस, त्यामुळे मला त्याचं काही वाटायचं नाही. मग घाटकोपरच्या चाळीत, माझी शाळा संपता संपता, डोळेही अधू होत गेले. पूर्ण अंधार होण्याआधी तूच युक्ती काढलीस. बाबांच्या विक्रोळीच्या कारखान्यातला पांढरा सुती हातमोजा मागून घेतलास. "पाच बोटं, पाच वर्ग," म्हणालीस. "अंगठ्यावर क-ख-ग, करंगळीवर प-फ-ब. उरलेली तळहातावर. तू शिव, मी पाठ करते." मी निळ्या दोऱ्याने अक्षरं घातली. समोरच्याने त्या त्या अक्षराला बोट लावायचं, तू जोडून शब्द मोठ्याने म्हणायचीस. पण बोट लावायला दुसरं येतंय कोण? भाजीचा भाव, शेजारणीची थट्टा, बाबांची चिडचिड, सगळं मीच सांगायचं. संध्याकाळपर्यंत मला स्वतःचं काही बोलायचं त्राणच उरायचं नाही.

मग बाबांचे धाकटे भाऊ गावाहून येतात. चहा पिता पिता म्हणतात, "हिका हय काय कळता? गावाक नेतंय. पोरीचा लगीन तरी होयत." बाबा बशीत चहा ओततात. मी आत येऊन तुझ्या हातावर ते सगळं सांगते, एक अक्षर गाळत नाही. तू पदर सावरून उठतेस. मग भिंत धरत बाहेर जातेस, हात पुढे करतेस.

"भाऊजी, माझ्याबद्दल बोलताय ना? मग मला सांगा. अक्षरं लिहिलेली आहेत."

काकांचं जाडं बोट मोज्यावर चाचपडतं. "व... ह... न... वहिनी?" तू विचारतेस. ते मान हलवतात, तुला दिसत नाही हे विसरून. पुढचं वाक्य काही त्यांच्याच्याने होईना. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले.

बाबाही मग शिकले, अडखळत. माझं लग्न उशिरा झालं, मुलुंडला. तिथून मी तुझ्याकडे येत राहिले, शेवटपर्यंत.

तू गेलीस तेव्हा सगळे म्हणाले, हिला आता सावरायचं कसं. आई, त्या आठवड्यात मी खूप झोपले. गाढ, छान झोप लागायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहवलं.