पूर्वेकडचा कोपरा

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. माझं अक्षर ओळखूनही तू पाकीट फोडशील, या भरवशावर लिहितेय. आईचा गुडघा आता बरा आहे. जिना चढून वर जाते आणि वर मलाच विचारते, "दमलीस का गं?" वहिनी आणि मुलं मजेत असतील. फोनच करणार होते, पण आई म्हणाली, "पत्र टाक. फोनवर तू रडून मोकळी होशील आणि सांगायचं ते राहूनच जाईल."

आपण दुरुस्त केलेल्या जुन्या वाड्यातल्या मोठ्या दालनाच्या छतातून पाणी झिरपलं आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यातली फरशी फुगली. हो, तोच कोपरा. बाकी सगळीकडे दगडी तुकड्यांच्या चौकटी कशा शिस्तीत चालत येतात, आणि तिथे पोचल्या की एकदम विस्कटायच्या. मी म्हणत होते, मागाहून कुणीतरी केलेली थातुरमातुर डागडुजी आहे, उचलून सरळ बसवू. तू म्हणालास, "चुकणारा माणूस इतकं जपून चुकत नाही."

तुझं काम सुटलं आणि मी कोपरा सरळ केला. सहा वर्षं लोक वाहवा करत होते.

या वेळी ओला चुना पार तळापर्यंत खरवडावा लागला. खाली गेरूच्या रेघा निघाल्या. मूळ कारागिराचं रेखाटन! विस्कटलेला एकेक तुकडा त्यानं आधी आखून घेतला होता. तिरका तो तिरकाच. मी तिथेच फतकल मारून बसले.

आता खरं ते सांगते. दोन महिने गुडघ्यांवर बसून, तुकड्यातुकड्याला क्रमांक देऊन तू केलेला त्या कोपऱ्याचा नकाशा आपल्या कामावरच्या साहेबांना द्यायला माझ्याकडे दिला होतास. मी तो दिलाच नाही. तुला म्हटलं, साहेबांनी हरवला. साहेबांना म्हटलं, दादानं काही नोंद केलेलीच नाही, नुसता हट्ट आहे. तुझं काम त्यावर गेलं. तू आजवर साहेबांना घातलेल्या शिव्या माझ्या पत्त्यावरच्या होत्या, दादा.

का केलं? सगळे तुझ्या हाताचं कौतुक करायचे. माझ्या नीटनेटकेपणाचं कुणी नाही. कारण एवढंच, आणि ते एवढंसं आहे याचीच जास्त लाज वाटते.

सोमवारी नकाशा साहेबांपुढे ठेवला.

"कुठे होता हा?"

"माझ्या कपाटात."

त्यांनी नकाशा उलगडून तुझे क्रमांक पाहिले. मग म्हणाले, "ही जबाबदारी आता तुझ्याकडे राहणार नाही. त्याला विचार, येतो का. आणि का विचारतेयस, तेही सांग."

तुकडे धुऊन तुझ्या क्रमांकांप्रमाणे लावून ठेवलेत. एकही बसवलेला नाही. आलास तर तुझ्या हाताखाली राहीन. नाही आलास तरी कामाच्या नोंदवहीत तुझं नाव आणि माझं खोटं, दोन्ही माझ्याच हातानं लिहिलंय.

'माफ कर' असं दोनदा लिहून खोडलं. ते मी मागायचं नाही.

तुला खोटं पाडलेली,
तुझीच बहीण