माझ्या पायाशी ठेवलेलं खोकं

बाबा,

गेल्या उन्हाळ्यात कारंज्याला एका लग्नात बाई भेटल्या. आपल्या ऑर्केस्ट्राच्या मालकांची बायको, माझ्या शेजारी उभ्या राहून गायच्या त्या. केस सगळे पांढरे झालेत, गुडघे गेलेत, पण पदर अजून तसाच दोन्ही खांद्यांवरून घेतात. मंडपात डीजे एवढा मोठा लावला होता की ताटातल्या वाट्या थरथरत होत्या. त्यांनी माझा हात धरला, तोंड कानाशी आणलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी अर्ध्या जेवणावरून उठले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कोणाशी बोलावं हेही कळत नाही. आई असती तर तिच्याशी बोलले असते.

वाशीमचं आपलं दुकान मला आजही आधी वासानेच आठवतं. तापलेल्या कथलाचा आणि राळेचा वास. अर्ध्या दुकानात उघडे पडलेले रेडिओ, अर्ध्यात लाउडस्पीकरचे भोंगे आणि आवाज मोठा करणारं मशीन. लग्नसराईत ते भाड्याने जायचं. आणीबाणी उठली त्या सुमाराला कापडाच्या दुकानवाल्या शेठजींच्या मुलाने गावात ऑर्केस्ट्रा काढला. ऑर्केस्ट्रा त्यांचा, म्हणून सगळे त्यांना मालक म्हणत; स्वतः अॅकॉर्डियन वाजवायचे. बायको गायची. त्यांना आवाजाची व्यवस्था बघणारा माणूस हवा होता, म्हणून ते तुमच्याकडे आले, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मी गुणगुणत होते ते त्यांनी ऐकलं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आईने नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात की मी सोबत आहेच ना, आणि विषय संपवलात.

पहिले काही कार्यक्रम माझे फार वाईट झाले. भोंगे लोकांकडे तोंड करून, पाठीमागे ढोलक आणि बोंगो, बाजूला अॅकॉर्डियन. मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही. ऐकू यावा म्हणून मी ओरडायची आणि ओरडले की सुरावरून घसरायची. रिसोडला तर पहिल्या ओळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घरी येऊन मी रडले आणि आता जाणार नाही म्हणाले. त्या आठवड्यात तुम्ही चहाच्या खोक्याच्या फळ्या कापल्यात, एका मोडक्या रेडिओग्रामचा स्पीकर त्यात बसवलात, वर जुन्या मच्छरदाणीचं कापड ठोकलंत. माझ्या माईकच्या वायरला दोन फाटे काढलेत. एक मोठ्या मशीनमध्ये, लोकांसाठी. दुसरा छोट्या मशीनमधून या खोक्यात, फक्त माझ्यासाठी. खोकं माझ्या पायाशी तिरपं ठेवायचं, तोंड माझ्याकडे. जरा इकडेतिकडे झालं की माईक कुई करायचा, म्हणून तुम्ही आधी स्टेजवर गुडघ्यांवर बसून त्याची जागा ठरवायचात आणि मला सांगायचात की इथून हलू नको.

बाबा, त्या खोक्यात मी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. मेडशीला, एका साखरपुड्यात. पहिली ओळ गाते आणि खालून माझाच आवाज माझ्याकडे येतो, भरलेला, जरासा ओलसर. मी गाणं विसरायचीच राहिले. त्या दिवसापासून मी सुरात गाऊ लागले. मी डोळे मिटून गायची, आणि मला वाटायचं, हेच सगळे लोक ऐकत आहेत.

वर्षभर मला असंच वाटत होतं. मग मंगरूळपीरला कार्यक्रम झाला, कापसाच्या जिनिंगच्या आवारात. मावशीची मुलगी तिथेच दिलेली, त्या दिवशी मी तिच्याकडे राहिले. सकाळी ती भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "काल तुया घसा बसला व्हता का वं? तू तोंड हालवून राह्यली अन् आवाज त त्या बाईचाच येत होता." मी म्हटलं, माझा घसा चांगला होता. ती म्हणाली, मग तुमचं मशीन बिघडलं असेल. मला एकदम सगळं कळलं. तुमचं मशीन कधी बिघडत नसे.

वाशीमला पोचल्यावर मी तशीच पिशवी घेऊन दुकानात आले. तुम्ही वर न बघता डाग देत होतात. मी विचारलं, समोर माझा आवाज कमी ठेवता का? मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही कथलाची सळई खाली ठेवलीत.

"ठेवतो," तुम्ही म्हणालात. "मले कोनी सांगतलं नाही, मलेच तसं वाटलं. तिचा आवाज आता चालला हाये. तुयावाला पुरा सोडला त ते बाई झाकून जाते. तुयापाशी उमर हाये."

मी विचारलं, मग खोक्यात एवढा मोठा कशाला देता?

"तुले आयकू यावं म्हनून."

या उत्तराचा मला किती राग आला ते मी तेव्हा सांगू शकले नाही. मला खेळणं देऊन बसवलं होतं. वर्षभर मी माझ्यासाठीच गात होते आणि लोकांना ती बाई ऐकू येत होती. तुम्ही स्वतःच्या मुलीला झाकून दुसऱ्याच्या बायकोचा आवाज जपत होतात, तेही तुम्हालाच तसं वाटलं म्हणून. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलू लागले. आईच्या ते लक्षात आलं. तिने दोन्हीकडे विचारून पाहिलं, दोन्हीकडून तिला काही कळलं नाही.

मग पोहरादेवीची जत्रा आली. चैत्राचं ऊन, तांड्यातांड्यांवरून आलेली माणसं, बैलगाड्या, धूळ. एका व्यापाऱ्याने दुपार कलल्यावर आपला कार्यक्रम ठेवला होता. तिथे तुमचं मशीन स्टेजच्या खाली, डाव्या अंगाला. मी वरून तुम्हाला पाहू शकत होते. बाईंचं आणि माझं गाणं सुरू होतं, एक ओळ त्यांची, एक माझी. त्यांच्या ओळीला भोंगे भरून वाजतात, माझ्या ओळीला माणसं आपसांत बोलतात. आता माहीत असल्यामुळे मला ते स्पष्ट दिसतं. तिसऱ्या कडव्याच्या आधी अॅकॉर्डियनचा तुकडा होता. मी वाकले, ते खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि तोंड लोकांकडे करून ठेवलं.

माझी ओळ आली आणि मी गायले. खोकं काही मोठं नव्हतं, पण समोरच्या दहा-पंधरा रांगांना पुरलं. माणसं बोलायची थांबली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा हात छोट्या मशीनच्या बटणावर गेला होता. ते बटण खाली पाडायला तुम्हाला क्षण लागला नसता. हात तिथे तसाच राहिला आणि तुम्ही बटण पाडलं नाही. मी गात राहिले. पुढची ओळ बाईंची होती. त्यांनी ती उचलली, अर्धी गायली आणि थांबल्या. मग शांतपणे मागे जाऊन ढोलकवाल्याच्या पेटीवर बसल्या. उरलेलं गाणं मी एकटीने पूर्ण केलं. टाळ्या पडल्या. मालक वाजवतच होते, त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही.

कार्यक्रम उरकल्यावर मालक खाली आले आणि हलक्या आवाजात तुम्हाला म्हणाले की यापुढे दुसऱ्याचं मशीन घेऊ. तुम्ही बरं म्हणालात आणि वायर गुंडाळू लागलात. एसटीच्या टपावर भोंगे चढवलेत, खोकं मात्र आत घेऊन मांडीवर ठेवलंत. मंगरूळच्या पुढे गाडी आली तेव्हा तुम्ही बोललात. दोनच वाक्यं.

"खोकं फिरवलं ते फिरवलं. पन तिच्याकडं पाहून फिरवाले नोको होतं."

मी बाईंकडे पाहिलं होतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितल्यावर कळलं.

नंतर माझं लग्न यवतमाळला झालं. तुम्ही पुन्हा रेडिओ आणि भोंग्यांत रमलात. मी दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, तुमच्याशी हवापाण्याचं बोलायची. तुम्ही गेलात तेव्हा आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं.

आणि आता बाई कारंज्याच्या मंडपात, त्या गोंगाटात मला सांगतात, "तुले कमी ठेवाले मीच सांगतलं होतं तुया बापाले. हात जोडले होते. एवढं एक वर्ष मले गाऊ द्या म्हटलं. अन् माया घरी सांगू नका, पोरीलेही सांगू नका." मालकांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या वर्षी बाईंच्या घशाचं दुखणं सुरू झालं होतं, नंतर अकोल्याला त्याचं ऑपरेशन झालं. तुम्ही त्यांच्यासाठीही खोकं बनवायला निघाला होतात, त्यांनीच नको म्हटलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकायचा नव्हता.

म्हणजे ‘मलेच तसं वाटलं’ हे तुम्ही खोटं बोललात. परक्या बाईला दिलेला शब्द पाळण्यासाठी मुलीचा राग आयुष्यभर वागवलात. हे चांगलं केलंत की वाईट, मला ठरवता येत नाही. मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला मोठा माणूस होता. मला तसं सरळ म्हणवत नाही. मी वीस वर्षांची होते, मला सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. की नसतं? तुम्ही मला ओळखत होतात. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल. आणि बटण पाडलं नाहीत, ते कोणाच्या बाजूने होतं? मी रोज वेगळं उत्तर देते.

हे कागद कुठे टाकायचे तेही माहीत नाही, कपाटातच राहतील. पण एक गोष्ट मी तेव्हा लपवली, ती लिहून ठेवते. त्या दिवशी एसटीत तुमचं काम गेलं होतं, बाई कुठेतरी मागच्या बाकावर रडत होत्या, आणि तुम्हाला वाटलं मी शरमेने खिडकीकडे तोंड केलं आहे. मला हसू आवरत नव्हतं, बाबा. वाशीम येईपर्यंत मी खूश होते.