नारळाचं पाणी आणि आठशे चाळीस स्थळं

येलहंका, बंगळूर
२३ ऑक्टोबर १९९९

ती. प्रेमामावशीस,

अवधूतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का, आणि काकांनी तपकीर खरंच सोडली की नुसतंच जाहीर केलं, ते सविस्तर कळव. आधी चांगली बातमी: तुझ्या वधूवर मंडळाची आठशे चाळीसच्या आठशे चाळीस स्थळं सुखरूप आहेत. आता हे सांगायला हरकत नाही, की गेल्या आठवड्यात ती जवळजवळ गेलीच होती.

झालं असं, की तू विश्वासाने पाठवलेले फॉर्म मी संगणकात उतरवले आणि गठ्ठ्यावर ‘काम झाले’ असं लिहून ठेवलं. ते वाचून महांतेशने (माझा खोलीतला जोडीदार, गोकाकचा, माणूस दिलदार) गठ्ठा रद्दीत घातला. म्हणजे तुझी बावीस वर्षांची मेहनत उरली ती फक्त माझ्या यंत्रात. त्यात मी दोन डिस्क आरशासारख्या लावल्या होत्या: एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच, एक गेली तरी दुसरी शिल्लक. म्हणून निर्धास्त होतो. पण इकडे आयुधपूजेला स्कूटरपासून कात्रीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. महांतेशने संगणकालाही लावलं, इथवर ठीक. नारळ त्याच्यासमोर फोडायचा, तर या गृहस्थाने तो त्याच्याच डोक्यावर आपटला (पेटी मजबूत वाटली, म्हणे). यंत्र तापतं म्हणून झाकण मीच सैल ठेवलं होतं. पाणी आत गेलं आणि एक डिस्क जागच्या जागी वारली. महांतेश म्हणाला, सरी (म्हणजे ठीक), प्रसाद पोचला म्हणून समज.

दसरा उलटल्यावर नवी डिस्क आणली. जुनीच्या लेबलावर चार गीगाबाइट, नवीच्याही. तरी यंत्र जोडी जमवेना. खरं माप काढलं तर नवी किंचित आखूड निघाली, आणि मोठीचं सगळं लहानीत मावणार नसेल तर आरसा कसला? आपल्या मंडळाच्या फॉर्मातल्या मुलांच्या उंचीसारखंच ते लेबल होतं. त्यात उरलेली जुनी डिस्क खरखरायला लागली. मावशी, मला अक्षरशः रडू आलं. तुला काय तोंड दाखवणार होतो मी?

शेवटी उल्का देशकरला बोलावलं (नागपूरची, हेब्बाळला राहते, असल्याच यंत्रांचं काम करते). तिने आधी झाकण काढलं. ती खरखर डिस्कची नव्हतीच, पंख्यात नारळाची शेंडी अडकली होती. मग तिने नव्या आखूड डिस्कचीच अर्धी जोडी मांडली, जोडीदाराची जागा रिकामी ठेवून. जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवलं, चारदा मोजून घेतलं, आणि नंतरच जुनी पुसून, नवीच्या मापाएवढी आखून शेजारी बसवली. जुनीचा थोडा भाग वाया गेला. उल्का म्हणाली, मोठ्याने लहानाच्या मापात बसायचं, लहान काही ताणून वाढत नाही. मी सुटलो. त्या दुपारी जेवून जो झोपलो तो दिवेलागणीलाच उठलो.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
अवधूत

ता.क. आता मुद्द्याचं. स्थळं मोजताना फॉर्म क्रमांक ३१२ निघाला, तो उल्काचाच. तिला मी पसंत आहे (विचारलं). आईशी तू बोल. कागदावर काही खोट नाही: मी पाच फूट सहा इंच, ती पाच फूट चार.

ता.क. २. मी खरा पाच फूट चार आहे हे तुला ठाऊकच आहे, वरचे दोन इंच तूच लिहिलेस. तिचे तीन इंच तिच्या आईने कमी केलेत. तिची स्वतःची काही हरकत नाही, मोठ्याने कुठे बसायचं ते तिनेच सांगितलंय. हरकत घेईल ती माझी आई. म्हणून दिवाळीत तुझ्या घरी बघण्याचा कार्यक्रम ठेव, आई यायच्या आधी आम्हा दोघांना सतरंजीवर बसवून टाक, आणि पोह्यांचा ट्रे उल्काच्या हाती मुळीच देऊ नकोस. तो तूच आण. गुडघ्यांची चौकशी त्यासाठीच केली होती.